ग्रानसच्या दहा रात्री

८ जानेवारी १९६१

चांदीचे डोळे! मनकर्णानं दुर्गच्या सोनाराकडून चांदीचे डोळे घडवून आणले. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. हॉटेल बंद करून घरी आलो तर ताटलीत ठेवून हळद-कुंकू वाहून राहिली होती. पातळ पत्र्याचे, चिंचोक्याएवढे, मधे बुबुळाचा ठिपका.

"हे कशाले?"

"शीतलेले वाहाचे. तळ्यावरच्या. भाऊजीचे डोळे आले ना."

डोळे आले नाहीत. जळले. फकिरा, माझा धाकटा भाऊ, भैय्याजी ठेकेदाराकडे वेल्डर आहे. कारखान्याच्या नव्या शेडचे खांब जोडतो. दिवसभर त्या निळ्या जाळाकडे पाहायचं अन् संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं करत, भिंतीकडे तोंड करून पडायचं. आज पुन्हा तेच. बटाट्याच्या चकत्या बांधून पडला आहे. पाणी थांबत नाही.

मी म्हटलं, ऊठ, सेक्टरच्या दवाखान्यात चल. तर म्हणतो, "दादा, डागदरनं एकदा कागदावर लिवलं का डोळे खराब, मंग मेडिकलमधी कोन पास करते मले?"

कारखान्यात पर्मनंट व्हायचं तर आधी मेडिकल. महिनाअखेरीला त्याचा नंबर आहे. गोंदियाचे मुलीवाले तेवढ्यासाठीच थांबले आहेत. म्हणून डॉक्टरपासून खरे डोळे लपवायचे अन् देवीला चांदीचे दाखवायचे. असं हे घर आहे.

मी पवनीहून इथं आलो तेव्हा भिलाई म्हणजे खोदलेली माती अन् तंबू होते. हातात एक किटली होती. ती कोण्या देवीनं दिली नव्हती. आता सेक्टर दोनच्या बाजारात हॉटेल आहे, कोहक्यात घर आहे. तरी घरात माझं ऐकतं कोण!

१० जानेवारी

आज दुपारी लिदियाबाई आल्या. रशियन इंजिनियरची बायको, तिकडे शाळेत जुना इतिहास शिकवायची. माझे पोहे तिला आवडतात, तर्री तेवढी बाजूला सारते. सोबत दुभाषी माथुर, लखनौचा. बाईचं वाक्य संपायच्या आत त्याची हिंदी तयार असते.

त्याच वेळी मनकर्णा आली. तळ्यावर निघाली होती, पदराच्या गाठीत ते डोळे. मला दाखवायला म्हणून गाठ सोडली — जसं काही मी ते पाहिले नव्हते. लिदियाबाईनं चमचा ठेवला, उठून आली, डोळे तळहातावर घेतले अन् दारातल्या उजेडात धरले. मग भरभर बोलायला लागली.

माथुर म्हणाला, "मैडम कह रही हैं, बिलकुल ऐसी ही आँखें! दो हज़ार साल पहले फ्रांस-जर्मनी की तरफ केल्ट लोग रहते थे. उनका एक देवता था, ग्रानस. उजाले का देवता. और बीमारों का वैद्य भी वही."

त्याची देवळं झऱ्यांच्या काठी, गरम पाण्याच्या कुंडांपाशी. आजारी लोक दुरून चालत येत, पाण्यात उतरत, देवळातच झोपत — स्वप्नात देव येऊन औषध सांगेल म्हणून. अन् ज्याचा जो अवयव दुखतो त्याची प्रतिमा वाहत. डोळेवाले डोळे वाहत, पातळ पत्र्याचे. जमिनीतून अजून निघतात म्हणे. कोण्या एका गावात दगडावर कोरलेलं सापडलं की ग्रानसचा उत्सव दहा रात्रींचा असे.

"हमारी नवरात्रि से एक रात ज़्यादा," हे माथुरनं आपल्या पदरचं घातलं.

मनकर्णा तर फुलून गेली. "पाहा. गोरे लोकबी वाहे. अन् तुमी मले येडी म्हनता."

मला राग आला. मी माथुरला म्हटलं, बाईंना विचारा, त्या देवानं कोणाला बरं केल्याचा पुरावा आहे का?

बाई हसली नाही. विचार करून म्हणाली, एकाला बरं केलं नाही, एवढं नक्की लिहून ठेवलेलं आहे. तो रोमचा बादशहा होता. सख्ख्या भावाला मारून गादीवर एकटा बसलेला. शरीरानं आजारी, मनानं त्याहून. ग्रानसच्या देवळात गेला, मोठमोठे नवस केले, जे वाहायचं ते सगळं वाहिलं. देव ढिम्म. त्या काळच्या एका लिहिणाऱ्यानं लिहिलं की त्यानं काय आणलं ते देवानं पाहिलं नाही, तो काय करून आला ते पाहिलं.

शेजारच्या टेबलांवरचे लोक चहा सोडून ऐकत होते.

मी म्हटलं, मग हा वैद्य कसला? दवाखान्यात आलेल्या माणसाला तू चांगला का वाईट असं विचारून परत पाठवता येते का? माथुरनं ते भाषांतर केलं की नाही, कोण जाणे. बाईनं डोळे मनकर्णाच्या हातावर परत ठेवले अन् दोन्ही हातांनी तिची मूठ मिटवली.

मनकर्णा तळ्यावर जाऊन वाहून आली.

११ जानेवारी

रात्रभर तो बादशहा डोक्यातून गेला नाही. भावाला मारून आला अन् म्हणतो मला बरं कर. आता वाटतं, देवाचंही काही चुकलं नाही.

१२ जानेवारी

फकिराचे डोळे साफ झाले. लाली नाही, पाणी नाही. पांढरं पांढरं, काळं काळं. "पाह्य दादा, झालं ना बरं," म्हणाला. मनकर्णानं माझ्याकडे जे पाहिलं ते पाहणं मी जन्मभर विसरणार नाही. जेवणात वांग्याची भाजी माझ्या आवडीची केली, जिंकल्यासारखी.

बरं झालं, चांगलं झालं. पण शीतलेनं केलं की बटाट्यानं, हे मी काही कबूल करणार नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

आज भैय्याजी ठेकेदार स्वतः हॉटेलात. नागपूरकडचा आपलाच माणूस, पांढरं धोतर, हातात तिळगुळाचा डबा. प्रत्येक टेबलापाशी जाऊन देऊन राहिले होते. "गोड बोला, रामाजी."

मग मधे उभे राहून जाहीर केलं. फकिराचे डोळे शीतलेच्या कृपेनं बरे झाले हे त्यांच्या कानावर आलं. तर आता रथसप्तमीला आपल्या सगळ्या वेल्डरांच्या नावानं चांदीचे डोळे वाहणार, आपल्या खर्चानं. कोहक्याच्या तळ्यावर, डफडं लावून. "माह्या मानसायच्या डोळ्याची काळजी मले नाई तर कोनाले?"

लोकांनी माना डोलावल्या. मीसुद्धा म्हटलं, चला, बरा माणूस आहे. चहाचे पैसे घेतले नाहीत.

ते गेल्यावर त्यांचा स्टोअरकीपर कोपऱ्यात बसून राहिला, कोण्या कारकुनासोबत. मला दूरचा चेहरा आताशा ओळखू येत नाही, दारात गिऱ्हाईक आलं तर खोकल्यावरून नाव घेतो. पण कान देवानं दुप्पट दिले आहेत. कढईत भजी तळताना मला कोपऱ्यातलं सगळं ऐकू येतं.

"वेल्डिंगची काच महाग पडते बावा. आमी खिडकीची आनतो. कंदिलाच्या धुरावर धरली का झाली काळी. इन्स्पेक्टर आला तरी त्याले काळीच दिसते."

"अन् पुसली गेली तं?"

"पुन्हा धरा. धुराले काय तोटा."

दोघं हसले. माझा झारा कढईतच राहिला. भजी जळली.

खिडकीची काच! माझा भाऊ त्या जाळाकडे खिडकीच्या काचेतून पाहत होता, अन् त्याच माणसाच्या हातचा तिळगूळ मी दोन्ही हात पुढं करून घेतला.

१५ जानेवारी

फकिराला विचारलं, काचेचं तुला माहीत होतं का. म्हणाला, सगळ्यायलेच माहीत आहे. मग बोलला कावून नाही? तर म्हणे, "बोलनाऱ्याचं नाव मेडिकलच्या यादीत जात नाई, दादा."

मी लय बोललो. शेवटी त्यानं पांघरूण ओढून घेतलं.

१६ जानेवारी

आज सकाळच्या गर्दीत रोमच्या बादशहाची गोष्ट सांगितली. थोडी आपल्या हातानं वाढवली. बादशहाला पांढरं धोतर नेसवलं. त्याच्या राज्यात खांब जोडणारे हजार लोक होते, त्यांच्या डोळ्यांवर तो काजळी फासायचा अन् देवाला चांदी वाहायचा. ग्रानस म्हणाला, चांदी ठेव तिथं, तुझे हात दाखव आधी, काळे आहेत की नाही. लोक टेबलं बडवून हसले. चरोद्याचे रेल्वेवाले आले होते, ते पुन्हा एकदा सांगा म्हणाले. सांगितली.

दुपारी भैय्याजी आले. एकटेच. बसले नाहीत.

"रामाजी, तुमच्या हॉटेलात नवा देव बसला म्हन्ते."

"बसला नाई, येऊन जाऊन असते."

"कोन्या जातीचा?"

"वैद्य आहे. डोळे पाहते."

"चहा चांगला असते तुमचा," ते म्हणाले. "त्याच्यातच लक्ष द्या. भावाचं मेडिकल जवळ आलं."

हे दुसरं वाक्य त्यांनी इतक्या प्रेमानं म्हटलं की मला घाम फुटला. घरी कोणाला सांगितलं नाही. पण गोष्ट सांगणं बंद करणार नाही. फकिरापर्यंत काही आलं तर मग पाहू.

१७ जानेवारी

हे एक नवीनच! संध्याकाळी घरी आलो तर फकिरा मागच्या खोलीत मांडी घालून, भिंतीकडे तोंड करून बसलेला. डोळे मिटलेले. ओठांतल्या ओठांत काही पुटपुटतो. मी दाराआड उभा राहून ऐकलं.

"व... ग ह... न र प... क म ट द... स ल य च ब." अन् पुन्हा पहिल्यापासून. "व... ग ह..."

ना शब्द, ना अर्थ. बीजाक्षरं! मी विचारलं, हे काय चालू आहे? दचकला. "काई नाई, जप आहे." कोणी दिला? सुखरामनं दिला म्हणे.

सुखराम याच्यासोबतचा वेल्डर, छत्तीसगढी, गेल्या महिन्यातच मेडिकल पास होऊन कारखान्यात लागला. चांगला माणूस समजत होतो.

मनकर्णा म्हणाली, "करू द्या ना. देवाचंच तं नाव घेते."

कोणत्या देवाचं? ते तर सांगा.

१९ जानेवारी

रोज संध्याकाळी जप. आज तिसरी रात्र. आता माझ्या डोक्यात उजेड पडला — दहा रात्री! मनकर्णानं लिदियाबाईचं सगळं याला घरी येऊन सांगितलं होतं. हा ग्रानसचं अनुष्ठान करतो आहे. शीतला झाली, आता फ्रान्स-जर्मनीचा देव. गोष्ट मी सांगायची, ती ठेकेदाराला टोचायची, अन् माझ्याच घरात हा मूर्ख तिची पूजा बांधून बसला!

वर नवाबी वेगळी. ठेकेदाराकडून रजा घेतली आहे, मेडिकल होईपर्यंत. म्हटलं हॉटेलात ये, हात लाव. आला तर सुखरामच्या सायकलवर मागं बसून, जावयासारखा. स्वतःची सायकल अंगणात गंजते आहे. कपबश्या उचलायला सांगितल्या तर टेबलाच्या अलीकडेच हात सोडला, दोन कप फुटले. "मन लागत नाई," म्हणतो. तांदूळ निवडायला दिले तर मनकर्णाकडे ताट सरकवलं. मी चार माणसांत बोललो, "एवढा मोठा साहेब झाला का, तांदळातला खडाबी तुले दुसऱ्यानं दाखवा लागते?"

मान खाली घालून हसला. त्या हसण्याचा जास्त राग आला.

२१ जानेवारी

लिदियाबाई आल्या होत्या. मी माथुरकरवी सरळ विचारलं, ग्रानसचा मंत्र काय आहे?

बाई म्हणाली, मंत्र उरला नाही. त्या लोकांनी लिहून ठेवलं नाही. दगडावर नाव उरलं अन् पत्र्याचे डोळे उरले. तुम्हाला कशाला पाहिजे? मी व ग ह, न र प म्हणून दाखवलं. तिनं खांदे उडवले. माथुर म्हणाला, "यह तो बालपोथी लगती है, रामाजी."

मग सुखरामला गाठलं. "का मंत्र सिखाए हस रे याला?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. सायकलची घंटी वाजवून पाहत म्हणाला, "बने मंत्र ए भैया. मोला फले हे, एहू ला फलही." त्याला फळला, यालाही फळेल.

"अन् आज उलटा म्हणत होता. ब च य ल स. उलटा जप म्हणजे करणी असते, समजते का तुले?"

"उल्टा घलो आना चाही," म्हणाला. अन् गेला निघून. उलटाही यायला पाहिजे! वा रे गुरू!

२३ जानेवारी, रथसप्तमी

आज सगळं लिहून ठेवतो.

सकाळी मनकर्णानं अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध ठेवलं, सूर्याकडे तोंड करून. उतू गेलं, चांगल्या दिशेला गेलं म्हणे. मग तळ्यावर गेलो. डफडं वाजत होतं. शीतलेच्या चौथऱ्यासमोर बैगा — तिथला पुजारी — अन् शेजारी भैय्याजी, हातात ताट. ताटात चांदीचे डोळेच डोळे, उन्हात चमकणारे. पाहणाऱ्याला भीती वाटावी असे. वेल्डर रांगेत उभे. अर्धं कोहका जमलेलं.

मी सुखरामकडून त्याची जुनी काच मागून आणली होती. धोतराच्या सोग्यात होती. पुढं गेलो.

"भैय्याजी, आज सूर्याचा दिवस. आधी त्याचं दर्शन घ्या."

"घेतलं सकाळीच, रामाजी."

"या काचेतून घ्या. तुमच्याच स्टोअरची आहे. हे लोक याच्यातून दिवसभर जाळ पाहतात. तुमी एक पळ सूर्य पाहा."

हसले. "चहा विका, रामाजी. इथं मधे मधे नका करू."

"चहा विकतोच. काच नाई विकत."

डफडेवाल्याचा हात थांबला. मला वाटलं आता माणसं मला ओढून बाजूला करतील. त्यांच्याही मेडिकलची नावं याच माणसाच्या हातात. पण कोणी हललं नाही. तेवढ्यात बैगा भोळेपणानं म्हणाला, "देख ले न मालिक. सुरुज देवता ए, का करही?"

आता नाही म्हणायला जागा नव्हती. भैय्याजींनी ताट स्टोअरकीपरकडे दिलं, काच घेतली, वर पाहिलं. पाहिलं न पाहिलं तोच मान खाली, हात डोळ्यांवर. गालावर पाण्याची धार. अन् तो स्टोअरकीपर घाबरून सगळ्यांदेखत बोलून गेला, "मालक, धूर बरोबर नाई बसला तिच्यावर!"

हसलं कोणी नाही. हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

सुखराम जुन्या सोबत्यांच्या रांगेतून निघाला. पिशवीतून आपली दुसरी काच काढली — कारखान्यातली खरी नाही, याच ठेकेदाराकडची उरलेली — अन् देवीच्या पायाशी ठेवली. मग दुसरा. मग तिसरा. चौथऱ्यावर काळ्या काचांची रास झाली. चांदीचे डोळे ताटातच.

मला एकाच गोष्टीचा चटका लागला. फकिराचा. मी त्याच्यासाठी भांडतो आहे अन् हा देवीकडे पाठ करून, तळ्याकडे तोंड करून उभा! लाज वाटली असेल भावाची. सुखरामनं खांद्याला धरून त्याला वळवलं, हात धरून चौथऱ्याशी आणलं, तेव्हा कुठं यानं काच ठेवली. तीही पायरीच्या अलीकडे. पडली अन् फुटली.

घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही.

२५ जानेवारी

खऱ्या काचा आल्या! जाड, हिरव्या-काळ्या, प्रत्येकाला एक. मी एक हातात घेऊन भट्टीकडे पाहिलं, जाळ दिसेना. भैय्याजी हॉटेलासमोरून जीपनं गेले, काळा चष्मा लावून. मी नमस्कार केला. त्यांनीही केला. धंद्यात दोघंही जुने आहोत.

फकिराचं नाव यादीत आहे. काढलं नाही. गावासमोर एवढं झाल्यावर काढायची छाती झाली नसेल. देवी असो की ग्रानस, कोणीतरी त्यांचा हात धरला.

वेल्डर आता ग्रानसची गोष्ट मलाच सांगतात, मी ऐकली नसल्यासारखी. त्यात आता डफडंसुद्धा आलं आहे.

२६ जानेवारी

आज दहावी रात्र. जप चालू आहे. रागावलो नाही. मनकर्णा दारात दिवा ठेवून गेली, मी राहू दिला. म्हणता म्हणता मलाच पाठ झालं. आज गल्ला मोजताना तोंडातून निघालं, न र प, क म ट द.

२७ जानेवारी

पास! फकिरा मेडिकल पास झाला. सुखराम दवाखान्यातून त्याला सायकलवर घेऊन सरळ हॉटेलात आला. दोघंही घामानं भिजलेले. मी विचारलं, डोळे? सुखराम म्हणाला, "फस किलास लिखे हे." मी सगळ्या टेबलांवर पेढे वाटले. गोंदियाला तार केली.

ब्लास्ट फर्नेसवर लागला. भट्टीतून लोखंड वितळून जिथं नालीनं वाहत येतं, तिथं हेल्पर. मंगळवारपासून पहिली ड्यूटी. मी म्हटलं, सांभाळून राहा बे, पाय घसरला तर हाडसुद्धा सापडत नाही. "पाहून चालीन, दादा," म्हणाला.

आज लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू. संध्याकाळी मागच्या खोलीत एकटा गेलो अन् त्या भिंतीला हात जोडले. म्हटलं, ग्रानसबाबा, तुझं नाव नीट घेता येत नाही. बादशहाला तू परत पाठवलं, ते बरोबरच केलं. माझ्या भावाला पावलास. मी तुला वैद्य नाही म्हटलं, ते मनावर घेऊ नको.

मनकर्णा म्हणते, आता तुमीबी दवाखान्यात जाऊन या, काल सख्ख्या साळ्याले दारातून "या साहेब" म्हटलं तुमी. जाईन म्हटलं सोमवारी.

३० जानेवारी

दवाखान्यात गेलो. कंपाउंडरनं स्टुलावर बसवलं, म्हणाला, समोरची पाटी वाचा.

भिंतीवर पांढरी पाटी. वर एकच मोठं अक्षर. व. त्याच्या खाली, ग ह. त्याच्या खाली, न र प.

त्याखालच्या ओळी मला मुंग्यांसारख्या दिसत होत्या. तरी वाचल्या. क म ट द. स ल य च ब. कंपाउंडर म्हणाला, काका, तुम्हाला चष्मा कशाला पाहिजे?

घरी आलो. फकिरा ओसरीवर बसला होता. तोंड दुसरीकडेच होतं. पावलं ऐकून म्हणाला, "दादा, लवकर आला?" आत मनकर्णा त्याच्या उद्याच्या डब्याचं पीठ मळून राहिली होती.

भावाला मारणाऱ्या बादशहाची गोष्ट मी पंधरा दिवस लोकांना ऐकवली.

तसाच सुखरामकडे गेलो. म्हटलं, उद्या त्याला न्यायला सायकल आणू नको. त्यानं कावून म्हणून विचारलं नाही.